नाकातली नळी आणि भिंतीकडे वळलेलं तोंड

ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यांवर आणि कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या वैद्यकीय इच्छापत्राचे, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही अशा वेळी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याच्या कागदाचे मसुदे फिरतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी या कागदाला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. आधी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. हे फार चांगलं झालं, आणि लोक आपल्या मरणाविषयी घरात मोकळेपणी बोलू लागले हे त्याहून चांगलं. पण या मसुद्यांत एक ओळ हमखास सापडते: 'मला नाकातून किंवा पोटातून नळी घालून अन्न देऊ नये.' कोणत्या आजारात, किती दिवस, बरं होण्याची आशा असताना की संपल्यावर, यातलं काहीच त्यात नसतं. त्यावरून जो वाद पेटतो तोही तसाच. एक बाजू म्हणते, नळी म्हणजे माणसाची विटंबना. दुसरी म्हणते, नळी नाकारणं म्हणजे माणसाला उपाशी मारणं. दोन्ही बाजू एक गोष्ट धरून चालतात, ती म्हणजे नळी आली की माणूस संपला. पक्षाघाताच्या, आपण ज्याला अर्धांगवायू किंवा पॅरालिसिस म्हणतो त्याच्या रुग्णांच्या बाबतीत हे गृहीतकच खोटं आहे, आणि त्यापायी बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसांचं नुकसान होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत 'नळी हवी की नको' यावर घरच्यांनी आपसांत भांडण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे: ही नळी कधी निघणार? ती निघावी म्हणून घशावर रोज कोण मेहनत घेतंय? आणि नळी लावलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, याची चौकशी कुणी केली आहे का? या तीन प्रश्नांना उत्तरं असतील तर नळी म्हणजे नदी ओलांडायचा साकव. उत्तरं नसतील तर तीच नळी कोंडवाडा होते, आणि मग तिला विटंबना म्हणणारे लोक नकळत बरोबर ठरतात.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की हातपाय लुळे पडतात हे सगळ्यांना दिसतं. गिळण्याचे स्नायूही त्याच मेंदूच्या हुकुमावर चालतात, हे मात्र पहिला ठसका लागेपर्यंत लक्षात येत नाही. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. त्यातल्या काहींना ठसकासुद्धा लागत नाही. पाणी गुपचूप श्वासनळीत उतरतं आणि दोन-चार दिवसांनी ताप चढतो. 'काल तर चहा नीट प्यायले' असं म्हणत न्यूमोनिया झालेल्या माणसाला परत आयसीयूत नेणारी कुटुंबं कुठल्याही मोठ्या रुग्णालयात भेटतात. म्हणून तोंडाने नीट जात नसेल तर पहिल्या सात दिवसांत नळीने अन्न सुरू करावं, पहिले दोन-तीन आठवडे नाकातली नळी पुरेशी आहे, त्याहून जास्त काळ लागणार असं दिसलं तरच पोटातल्या नळीचा विचार करावा, असं उपचारांचं मार्गदर्शन सांगतं. आणि मुख्य गोष्ट अशी की बहुतेकांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं. म्हणजे पक्षाघातातली नळी बहुतेकांसाठी तात्पुरतीच असते. पायाच्या प्लास्टरला कुणी 'आता हा कायमचा लंगडा' म्हणत नाही. नळीला का म्हणतो?

याचं कारण इतिहासात आहे. ज्या नळीला आपल्याकडे वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे 'राइल्स ट्यूब' म्हणतात, ती जॉन राइल या ब्रिटिश डॉक्टरने १९२१ च्या सुमारास आणली, आणि तीही जठरातला रस बाहेर काढून तपासण्यासाठी. पोटाला बारीक भोक पाडून दुर्बिणीच्या मदतीने बसवायची नळी १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला पहिल्यांदा वापरली गेली, तीही काही महिन्यांच्या बाळासाठी. दोन्हींपैकी एकही नळी मरणशय्येसाठी जन्माला आलेली नाही. लोकांच्या मनात मात्र नळीचं चित्र आलं ते वेगळ्याच वाटेने. मताधिकार मागणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांना १९०९ नंतर तुरुंगात दाबून धरून नळीने खाऊ घातलं गेलं. मणिपुरात उपोषण करणाऱ्या इरोम शर्मिला यांच्या नाकातली नळी आपण २००० पासून ९ ऑगस्ट २०१६ पर्यंत वर्तमानपत्रांत पाहत होतो. आणि मराठी माणसाच्या मनात सगळ्यांत खोल रुतलेलं नाव म्हणजे अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असताना झालेल्या हल्ल्यानंतर तिथेच १९७३ ते २०१५ अशी बेचाळीस वर्षं पडून असलेल्या अरुणाताईंना तिथल्या परिचारिकांनी अनेक वर्षं हाताने भरवलं, नळी आली ती खूप उशिरा. त्यांच्याविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालाने देशात इच्छामरणाची चर्चा सुरू केली आणि तेव्हापासून 'नळी' या शब्दाला 'न संपणारं मरण' असा अर्थ चिकटला. या तिन्ही उदाहरणांतली वेदना खरी आहे. पण तुरुंगातल्या उपोषणकर्तीवर केलेली सक्ती, बेचाळीस वर्षांचं अचेतन आयुष्य आणि मागच्या मंगळवारी डावी बाजू गेलेले, आजही नातवाला बघून डोळ्यांनी हसणारे आजोबा, यांना एकाच मापाने मोजायचं का?

विटंबनेचा मुद्दा मी हलका लेखत नाही, कारण तो मी जवळून पाहिला आहे. माझ्या आईला पक्षाघात झाला तेव्हा तिच्या नाकात नळी पाच आठवडे होती. नाकाच्या शेंड्यावर चिकटपट्टी, तिच्या कडांना काळी रेघ, घशात सतत काहीतरी अडकल्याची भावना. तिने दोनदा नळी उपसली. मग उजव्या, चालत्या हाताला बँडेजचा जाड बोंगा बांधला गेला, म्हणजे जो एक हात देवाने शिल्लक ठेवला होता तोही आम्ही काढून घेतला. दर तीन तासांनी मोठ्या सिरिंजमधून दोनशे मिली पातळ काहीतरी, वर पाणी, खाट अर्ध्यावर उभी, की झालं जेवण. तिला भूक लागू नये, तिचा जीव तुटू नये म्हणून आम्ही डबा व्हरांड्यात नेऊन खायचो. तो आमचा समजूतदारपणा होता. तिचं बोलणं अस्पष्ट झालं होतं म्हणून भाचीने पाटी आणली होती, पण कित्येक दिवस तिने त्यावर काही लिहिलं नाही. सोळाव्या दिवशी लिहिलं, 'तुम्ही सगळे कुठे जाता?' आम्ही जेवायला जात होतो. आयुष्यभर सगळ्यांचं वाढून झाल्यावर पानावर बसणाऱ्या बाईला आम्ही पंगतीतूनच उठवलं होतं.

नळीने आईचं फारसं बिघडवलं नव्हतं. नळीभोवती आम्ही जे वागलो त्याने बिघडलं, आणि ते टाळता येण्यासारखं होतं. विरोधक ज्याला विटंबना म्हणतात तिच्यातला मोठा वाटा असाच आहे. हात बांधण्याऐवजी कुणीतरी शेजारी बसता येतं. गिळण्याची तपासणी करून थेरपिस्टने हो म्हटलं तर जिभेवर लिंबाचा थेंब किंवा दाट पेजेचं बोट टेकवता येतं. दिवसातून तीन-चार वेळा तोंड स्वच्छ करता येतं. तोंडातले जंतू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, म्हणून ही कामं मायेची तर आहेतच, पण उपचाराचीही आहेत. आमच्या वॉर्डात ती कुणाच्याच यादीत नव्हती. मावशी अंग पुसायच्या, सिस्टर फीड द्यायच्या, तोंड मात्र कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

आता मनाकडे वळू, कारण या वादात ते कुठेच नसतं. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य गाठतं. हे ऐकल्यावर बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया, आणि ती अगदी रास्त वाटते, अशी असते: अर्धं अंग गेलं, बोलता येत नाही, नाकात नळी, कुणाला वाईट वाटणार नाही? बरोबर आहे. पण वाईट वाटणं साहजिक असलं म्हणून ते उपचारांपलीकडचं कसं ठरतं? पाय मोडल्यावर दुखणं साहजिकच असतं, तरी आपण वेदनाशामक देतोच ना? शिवाय हे नैराश्य केवळ दुःखातून येतं असंही नाही. मेंदूला झालेली इजा हेही त्याचं एक मूळ आहे. नळीवाल्या रुग्णात तर ते ओळखणंच कठीण. नैराश्याची नेहमीची लक्षणं कोणती? भूक मंदावणं, झोप बिघडणं, बोलणं कमी होणं, चेहरा उतरणं. ज्याची भूक नळीने भागते, झोप वॉर्डातल्या दिव्यांनी मोडते, वाचाघाताने शब्द गेलेत आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी आहे, त्याची यातली कोणती खूण तुम्ही वाचणार? उलट काही रुग्णांना मेंदूच्या इजेमुळे कारण नसताना रडू कोसळतं, त्यामागे नैराश्य असतंच असं नाही. आणि जो शांतपणे भिंतीकडे तोंड करून पडलाय, कुणालाच त्रास देत नाही, त्याला 'समजूतदार पेशंट' म्हणतात. वाचा गेलेल्या रुग्णांसाठी घरच्यांनी किंवा नर्सने निरीक्षणावरून भरायच्या प्रश्नावल्या आहेत: रडतो का, नजर देतो का, आवडीच्या गोष्टीकडे वळतो का. दहा मिनिटांचं काम आहे.

आईच्या फाइलमध्ये फिजिओथेरपीच्या पानावर तीन दिवस ओळीने 'नॉन-कोऑपरेटिव्ह' असा शेरा होता. सहकार्य करत नाही. हा शेरा हजारो फाइलींवर असेल. मी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला दोष देत नाही, तिला एका सकाळी वीसेक रुग्ण बघायचे असायचे. पण तो शेरा वाचल्यावर पुढचं पाऊल काय असायला हवं होतं? सहकार्य का नाही, हे विचारायचं. मेंदू नवीन वाटा शोधतो तो पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीतून. हाताचं असो, चालण्याचं असो की गिळण्याचं असो, सरावाला पर्याय नाही. गिळण्याचे व्यायाम तर फारच कंटाळवाणे, जीभ टाळ्याला दाबा, जोर लावून गिळा, मान खाली घालून गिळा, पुन्हा, पुन्हा. ज्याला सकाळी डोळे उघडावेसेच वाटत नाहीत तो हे कसं करणार? सराव नाही म्हणून घसा सुधारत नाही, घसा सुधारत नाही म्हणून नळी निघत नाही, नळी निघत नाही म्हणून मन आणखी खचतं. हा फेरा कुठेतरी तोडावा लागतो, आणि तो नुसती नळी उपसून तुटत नाही. उपसलेल्या नळीनंतर उपास किंवा न्यूमोनिया यांपैकी एक वाट्याला येतं.

यावर जाणकार मंडळी एक जड आक्षेप घेतात, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या एका चाचणीत फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळीने लुळे हातपाय जास्त सुधारल्याचं दिसलं, आणि सगळीकडे आशा पसरली. मग ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर सहा महिने तीच गोळी तपासली गेली. २०१८ च्या अखेरीस निकाल आला: दैनंदिन कामं करण्याच्या क्षमतेत काहीच फरक नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट. स्वीडनमधल्या आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, व्हिएतनाममधल्या चाचण्यांनीही २०२० मध्ये तेच सांगितलं. मग नैराश्यावर इलाज करून बरं होणं वाढतं, या म्हणण्यात काय उरलं? उरतं ते असं. त्या चाचण्यांत गोळी मन खचलंय म्हणून कुणाला दिली नव्हती. गोळी मेंदू दुरुस्त करते का, हा प्रश्न होता आणि उत्तर 'नाही' आलं. खचलेल्या माणसाला ओळखून त्याच्याशी बोलणं, त्याला सरावाला उठवणं, लागलंच तर औषध देणं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तिथे विचारलाच नव्हता. ब्रिटनच्या त्याच चाचणीत गोळी घेणाऱ्यांमध्ये नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण कमी होतं, शेकड्यामागे सुमारे १७ ऐवजी १३. गोळी म्हणजे जादू नाही हे मला मान्य आहे, आणि वयस्कर माणसाला ती विचार न करता लावू नये हेही. पण यावरून मनाकडे बघायची गरजच नाही असा निष्कर्ष काढणं म्हणजे अंगाऱ्याने ताप उतरला नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणं. आणि समजा, खचलेपण दूर होऊन हात एक इंचही जास्त वर गेला नाही. तरी ते दूर करायला नको?

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. नळीने जीव वाचतो, पण कसला जीव? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या बहुदेशीय चाचणीत ८५९ रुग्णांपैकी काहींना लवकर नळी लावली, काहींना आठवडाभर थांबवलं. लवकर नळी लावलेल्यांत मृत्यू शेकड्यामागे सुमारे सहाने कमी दिसले, आणि तो फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद नव्हता. वाचलेल्यांतले बरेच जण मात्र परावलंबीच राहिले. हे मी लपवणार नाही. 'आम्हाला असं जगायचं नाही' असं म्हणणाऱ्याला हे आकडे बळ देतात, आणि देऊ देत. आपल्याकडे तर या विचाराला मोठी परंपरा आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला. या चर्चेत विनोबांचं नाव प्रत्येक वेळी निघतं. पण विनोबा सत्याऐंशी वर्षांचे होते, आयुष्यभर मरणाचा विचार करून तयार झालेले होते, मन लख्ख होतं आणि निर्णय स्वतःचा होता. पक्षाघाताच्या तिसऱ्या आठवड्यात, बांधलेल्या हाताने, उपचार न झालेल्या नैराश्यात नळी उपसणारा माणूस प्रायोपवेशन करतोय का, म्हणजे समजून-उमजून अन्न सोडून मरण स्वीकारतोय का? तो फक्त सांगतोय की मला सहन होत नाहीये. त्याला 'त्यांची इच्छा आहे' असं म्हणून मोकळं होणं हा आदर झाला की सुटका? नैराश्य हा असा आजार आहे की तो माणसाच्या तोंडून 'मला काही नको' हे वाक्य वदवतो. ते वाक्य त्या माणसाचं आहे की आजाराचं, हे तपासल्याशिवाय त्यावर सही कुणी करावी?

उलट बाजूच्यांनाही सांगायला हवं. नळी काढणं पाप, म्हणून ती सगळ्यांना कायमची, हेही चूक आहे. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही, हाताने थोडंथोडं भरवणंच बरं, असं वृद्धांचे डॉक्टर स्पष्ट सांगतात. पक्षाघातातही पोटाच्या नळीची घाई नको. त्याच २००५ च्या अभ्यासात ३२१ रुग्णांमध्ये नाकातल्या नळीपेक्षा लवकर बसवलेल्या पोटातल्या नळीचे परिणाम वाईट निघाले. आणि सहा महिने झाले, घसा तपासला, मन तपासलं, तरीही माणूस शांतपणे, पुन्हा पुन्हा नाही म्हणतोय, तर त्याचं ऐकायलाच हवं.

राहिला व्यवहाराचा मुद्दा, आणि इथे मला सगळ्यांत जास्त राग येतो. 'घरी न्या, घरच्यांनी प्रेमाने केलं की सुधारतील' असं सांगून आपल्याकडे रुग्ण सोडले जातात. या समजुतीची भारतातच चाचणी झाली आहे. १४ केंद्रांतल्या १२५० पक्षाघाताच्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचं शिक्षण देऊन घरी पाठवलं. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण मृत्यू पावले होते किंवा परावलंबी होते. शिकवलेल्या प्रेमानेसुद्धा फरक पडला नाही. प्रेम कमी होतं म्हणून नव्हे, ते तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही म्हणून. गिळण्याचा उपचार करणारे वाक् आणि भाषा चिकित्सक मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत घडतात, पुनर्वसनाची मोठी सरकारी संस्था हाजी अलीला १९५५ पासून आहे. पण पलूस किंवा किनवटहून आलेल्या रुग्णाने डिस्चार्जनंतर दर आठवड्याला कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, न्यूमोनियाचा वॉर्ड असतो, फिजिओ असतात, आणि नळीवाला रुग्ण या तिघांच्या मधल्या फटीत पडतो. यासाठी नवी इमारत लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर तीन रकाने लागतात: गिळण्याची पुढची तपासणी कोणत्या तारखेला, मनाची तपासणी कोणी केली, नळी काढायचा अंदाज कधीचा. आईच्या कार्डावर 'आरटी फीड (म्हणजे राइल्स ट्यूबमधून अन्न) २०० मिली दर ३ तासांनी' इतकंच होतं. नळी पाच आठवड्यांत निघाली ती एका वाक् चिकित्सक ओळखीतून सापडल्या म्हणून, आणि एका मानसोपचारतज्ज्ञाने आईशी पाटीवर अर्धा तास गप्पा मारल्या म्हणून. ओळख नसलेल्यांचं काय होतं ते मी शेजारच्या खाटेवर पाहिलं.

मागच्या महिन्यात मी माझं इच्छापत्र केलं. फिरता मसुदा घेतला आणि नळीची ओळ खोडली. तिथे हे लिहिलं आहे: पक्षाघात झाला तर नळी घाला. माझा चालता हात बांधू नका, कुणीतरी शेजारी बसा आणि माझ्यासमोर जेवा. तिसऱ्या आठवड्यात माझा घसा तपासून घ्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले तर ती माझी इच्छा समजू नका, मानसोपचारतज्ज्ञाला बोलवा. सहा महिन्यांनंतर, हे सगळं करून झाल्यावरही मी रोज मान हलवून नाही म्हणत असेन, तर नळी काढा. नोटरीने विचारलं, एवढं लांब कशाला? मी म्हटलं, शिक्का मारा.